रस्त्यावरचं टेबल: परवानगी नक्की कशाची?

हा भाग ज्यांना कानात इअरफोन न घालता वाचायचाय, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" मी जमतील तेवढे काढलेत. सगळे नाही निघाले, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात पुण्याहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. प्रश्न असा: "आमच्या इथं अण्णानं हॉटेलसमोर फूटपाथवर चार टेबलं टाकली की अतिक्रमण खात्याची गाडी येते. आणि रील्समध्ये न्यूयॉर्क-पॅरिसला लोक भर रस्त्यात बसून कॉफी पितात, ते मात्र भारी दिसतं. हा काय प्रकार आहे?"

प्रश्न एकदम रास्त आहे. मी जर्सी सिटीत राहते आणि कामाला मॅनहॅटनमध्ये जाते, त्यामुळे ही टेबलं रोज बघते. वर माझं कामच परवानग्या, मंजुऱ्या, "तुमचा अर्ज प्रलंबित आहे" असल्या प्रक्रियांचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं. त्यामुळे या विषयात घुसल्यावर बाहेर पडायला वेळ लागला. आज आपण एकच शहर घेऊ, न्यूयॉर्क. कारण तिथं गेल्या काही वर्षांत एकाच गोष्टीची तीन वेगवेगळी व्हर्जन्स लोकांनी वापरून पाहिली.

आधी एक मूळ गोष्ट

रस्ता विकत मिळत नाही. भाड्यानंही मिळत नाही, निदान दुकानाचा गाळा मिळतो तसा नाही. न्यूयॉर्कमध्ये महापालिका हॉटेलला जे देते त्याला "रिव्होकेबल कन्सेंट" म्हणतात. मराठीत सांगायचं तर रद्द होऊ शकणारी संमती. म्हणजे शहर म्हणतं, "जागा लोकांची आहे आणि लोकांचीच राहणार. तुला ती काही काळ, काही अटींवर, पैसे भरून वापरायला देतोय. गरज पडली तर परत घेऊ." पाण्याची लाइन फुटली, रस्ता खोदायचा आहे, तर टेबलं उचलायची.

हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं इथूनच निघतात. हॉटेलवाल्याला वाटतं मी पैसे भरलेत, जागा माझी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना वाटतं हा रस्ता माझाही आहे, मला रात्री झोप लागली पाहिजे. व्हीलचेअरवरच्या माणसाला वाटतं, मला फक्त जायला वाट द्या. तिघांचंही बरोबर आहे. परवाना म्हणजे या तिघांमधला करार.

व्हर्जन एक: २०२० च्या आधी

करोनाच्या आधी न्यूयॉर्कमध्ये फूटपाथवर टेबलं लावता यायची, पण फार कमी जणांना. वीस हजारांहून जास्त रेस्टॉरंट्स असलेल्या शहरात असे परवाने हजार-दीड हजारांच्या घरात, आणि त्यातले बहुतेक मॅनहॅटनमध्ये. का? पैसा आणि कागदपत्रं हे एक कारण. दुसरं म्हणजे शहराच्या झोनिंगच्या नियमांनुसार कित्येक रस्त्यांवर फूटपाथ कॅफेला परवानगीच नव्हती. क्वीन्समध्ये किंवा ब्रॉन्क्समध्ये छोटं हॉटेल चालवणाऱ्याला अर्ज करायचीसुद्धा सोय नव्हती, असे बरेच भाग होते. आणि फूटपाथच्या खाली, जिथं गाड्या लागतात, त्या डांबरी रस्त्यावर टेबलं? असा परवाना अस्तित्वातच नव्हता.

व्हर्जन दोन: घाईतलं

मार्च २०२० मध्ये आत बसून जेवण बंद झालं. फक्त पार्सल. हॉटेल धंद्यात नफा तसाही पातळ असतो, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत लोकांची वाट लागली. मग जून २०२० मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांनी एक आदेश काढला आणि २२ जूनपासून "ओपन रेस्टॉरंट्स" नावाची योजना सुरू झाली.

यातली गंमत बघा. ऑनलाइन फॉर्म. फी शून्य. हॉटेलवाल्यानं स्वतःच लिहून द्यायचं की मी सगळे नियम पाळतो. याला सेल्फ-सर्टिफिकेशन म्हणतात. सबमिट केलं की टेबलं लावायला मोकळे. तपासणी नंतर होणार.

नियम होते, बरं का. फूटपाथवर माणसांना चालायला आठ फूट सलग मोकळी वाट. आग विझवायच्या नळाजवळ, म्हणजे हायड्रंटजवळ, १५ फुटांच्या आत काही नको. रस्त्यावरच्या टेबलांभोवती कठडा, दीड फूट रुंद, अडीच ते तीन फूट उंच, आत माती नाहीतर वाळू भरलेली. का? कारण पलीकडून गाडी जाते. नुसतं लाकडी कुंपण गाडी थांबवत नाही, वाळू थोडीफार थांबवते.

आमच्या भाषेत बोलायचं तर हा "आधी डिप्लॉय करा, रिव्ह्यू नंतर" असा प्रकार. आणि तो चालला! सगळा काळ धरला तर बारा हजारांच्या आसपास हॉटेलं या योजनेत आली. शहराच्या म्हणण्यानुसार एक लाख नोकऱ्या वाचल्या. आकडा थोडा इकडेतिकडे धरा, पण भांडी घासणारे, डिलिव्हरी करणारे, वेटर, यांच्यातल्या कित्येकांचं घर या टेबलांवर चाललं हे खरं आहे. आणि पहिल्यांदाच ब्रॉन्क्स, क्वीन्स, ब्रुकलिनच्या आतल्या गल्ल्यांतल्या छोट्या हॉटेलांना रस्ता मिळाला.

मग बिघडलं कुठं?

हिवाळा आला. बर्फात उघड्यावर कोण बसणार? मग टेबलांना भिंती आल्या, छप्पर आलं, हीटर आले, वायरिंग आलं. बघता बघता रस्त्यावर लाकडी खोल्या उभ्या राहिल्या. काहींनी तीस-चाळीस हजार डॉलर खर्च करून सुरेख बांधल्या. काहींनी प्लायवूड ठोकलं. खालच्या फळीखाली सांडलेलं अन्न, तुंबलेलं पाणी, आणि न्यूयॉर्कचे सुप्रसिद्ध उंदीर. काही हॉटेलं बंद पडली तरी त्यांचे सांगाडे रस्त्यावर तसेच राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये पुढचे महापौर एरिक ॲडम्स यांनी असे बेवारस सांगाडे पाडायची मोहीम काढली.

रहिवासी कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा सोपा होता: आणीबाणीत केलेली सोय आणीबाणी संपल्यावर कुठल्या कायद्यानं चालू आहे? गोंगाट, कचरा, फूटपाथवरची कोंडी, हे सगळं न विचारता आमच्या दारात आलं. दुसरीकडे हॉटेलवाले म्हणत होते, आम्ही कर्ज काढून हे बांधलंय, आता काढा म्हणता?

ज्यांनी प्रॉडक्शनमध्ये "टेम्पररी फिक्स" टाकलाय, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. तात्पुरतं म्हणून टाकलेलं काढायचं कधी, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं नाही तर ते राहतं. आणि त्याच्यावर आणखी लोक अवलंबून राहायला लागतात.

पार्किंगचं गणित

या भांडणात पार्किंगचा आवाज सगळ्यात मोठा होता, म्हणून आकडे पाहू. न्यूयॉर्कच्या रस्त्यांच्या कडेला गाड्या लावायच्या सुमारे ३० लाख जागा आहेत असं धरतात. त्यातल्या बहुतांश जागा फुकट आहेत, मीटरसुद्धा नाही. हॉटेलांच्या रस्त्यावरच्या टेबलांनी व्यापलेल्या जागा शहराच्या वाहतूक खात्यानं सांगितल्या होत्या साडेआठ हजारांच्या आसपास. भागाकार केला तर अर्धा टक्कासुद्धा भरत नाही.

पण थांबा. हे गणित ऐकून "मग कसली तक्रार!" असं म्हणणं सोपं आहे. सरासरी शहराची असते, त्रास गल्लीचा असतो. एकाच गल्लीत बारा हॉटेलं असतील तर त्या गल्लीतल्या माणसाला शहराचा अर्धा टक्का ऐकवून काय उपयोग? म्हणून परवाना देताना आकडा शहराचा बघून चालत नाही, त्या कोपऱ्याचा बघावा लागतो.

व्हर्जन तीन: कायदा

फेब्रुवारी २०२२ मध्ये झोनिंगची जुनी आडकाठी काढली गेली. मग ऑगस्ट २०२३ मध्ये सिटी कौन्सिलनं कायदा केला, स्थानिक कायदा क्रमांक १२१. त्यातून आली "डायनिंग आउट एनवायसी" ही कायमची योजना. ३ मार्च २०२४ पासून अर्ज सुरू झाले. ठळक गोष्टी अशा:

फूटपाथवरची टेबलं वर्षभर. रस्त्यावरची मात्र फक्त १ एप्रिल ते २९ नोव्हेंबर. उरलेले चार महिने सगळं उचलून न्यायचं.

बंद खोल्या नाहीत. रस्त्यावरची रचना मोकळी, हलकी, काढता-घालता येणारी हवी.

परवाना चार वर्षांचा. फूटपाथसाठी १,०५० डॉलर, रस्त्यासाठी तेवढेच, दोन्ही हवं तर २,१००. शिवाय डिपॉझिट: फूटपाथला १,५०० आणि रस्त्याला २,५०० डॉलर.

आणि दरवर्षी जागेचं भाडं म्हणा किंवा मोबदला म्हणा, चौरस फुटामागे. रस्त्यावरच्या जागेला भागानुसार ५ ते २५ डॉलर, फूटपाथला ६ ते ३१ डॉलर.

आता हिशोब करू. रस्त्यावर जास्तीत जास्त ४० फूट लांब आणि ८ फूट रुंद अशी जागा मिळते. म्हणजे ३२० चौरस फूट. मॅनहॅटनच्या महागड्या भागात वर्षाचे ८,००० डॉलर. शहराच्या स्वस्त भागात १,६०० डॉलर. भागानुसार दर वेगळा ठेवला हे चांगलं केलं.

पण खरा खर्च भाड्यात नाहीच. एप्रिलमध्ये लावायला सुतार आणि टेम्पो, नोव्हेंबरमध्ये काढायला पुन्हा तेच, आणि चार महिने ठेवायला गोदाम. मॅनहॅटनच्या मोठ्या हॉटेलला हे जमतं. वीस खुर्च्यांच्या हॉटेलला नाही जमत. आणि हा खर्च फीच्या तक्त्यात कुठंच दिसत नाही. कायद्यात "आठ महिने" हे दोनच शब्द आहेत, बिल मात्र दरवर्षी दोनदा येतं.

अर्ज नेमका कुठून कुठं जातो

आता माझ्या आवडीचा भाग. हॉटेलवाल्यानं अर्ज केला की तो आधी वाहतूक खात्याकडे. नकाशा तपासणार: हायड्रंट कुठं, बस स्टॉप कुठं, झेब्रा क्रॉसिंग किती लांब, माणसांना वाट किती उरते. गर्दीच्या रस्त्यावर वाट जास्त सोडावी लागते, शांत रस्त्यावर कमीत कमी आठ फूट.

मग अर्ज जातो कम्युनिटी बोर्डाकडे. न्यूयॉर्कमध्ये असे ५९ बोर्ड आहेत. आपल्याकडची प्रभाग समिती डोळ्यासमोर आणा, फक्त यांचं मत सल्ल्यापुरतं, बंधनकारक नाही. त्या भागाच्या कौन्सिल सदस्यालाही कळवतात. मग जाहीर सुनावणी, म्हणजे हरकती आणि सूचना. इमारत वारसा यादीतली असेल तर वारसा आयोगाकडे आणखी एक फेरी. मग विमा, करार, आणि शेवटी शहराच्या कंट्रोलरकडे, म्हणजे मुख्य लेखा अधिकाऱ्याकडे, नोंदणी. दारू द्यायची असेल तर ते राज्य सरकारचं खातं, त्याची परवानगी आणखी वेगळी.

प्रत्येक पायरीला स्वतःचं असं कारण आहे, एकही पायरी उगाच नाही. पण त्या एकामागून एक लावल्या की काय होतं? समजा, प्रत्येक टप्प्याला महिना-दीड महिना. पाच टप्पे म्हणजे सहा महिने, आणि तुमचा सीझनच आठ महिन्यांचा! झालंही तसंच. ऑगस्ट २०२४ पर्यंत तीन हजारांच्या आसपास हॉटेलांनी अर्ज केले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सीझन उघडला तेव्हा सगळ्या पायऱ्या पार करून पूर्ण परवाना मिळालेले अगदी मोजके होते. मग शहरानं मधला मार्ग काढला: सशर्त मंजुरी. नकाशा तपासून झालाय, सुरक्षेच्या बाबतीत ठीक आहे, तर टेबलं लावा, बाकीचे कागद मागून येऊ द्या.

बारा हजारांवरून तीन हजार. सगळा दोष कायद्याचा नाही, हेही सांगते. करोना संपल्यावर लोक पुन्हा आत बसायला लागले, कित्येकांना बाहेरच्या टेबलांची गरजच उरली नाही. पण ज्यांना हवं होतं आणि जमलं नाही, ते बहुतेक छोटे होते.

यातून मला दिसणारी गोष्ट अशी. व्हर्जन दोनमध्ये तपासणी फारच उशिरा होती, व्हर्जन तीनमध्ये सगळी तपासणी आधीच होती. चांगली रचना या दोन्हींच्या मधली. ज्या गोष्टीनं जीव जाऊ शकतो ती आधी तपासा: हायड्रंट, कठडा, क्रॉसिंग, चालायची वाट. ज्यानं त्रास होतो पण दुरुस्त करता येतो, म्हणजे आवाज, कचरा, वेळ, ते चालू झाल्यावर तपासा आणि चुकलं तर लगेच दंड करा, परवाना काढून घ्या. शेवटी संमती रद्द होऊ शकणारीच आहे ना? मग रद्द करण्याचं बटण दुखेपर्यंत वापरायला हवं, द्यायचं बटण लपवून ठेवण्यापेक्षा.

पॅरिसनं काहीसं असंच सोपं ठेवलंय. तिथं पार्किंगच्या जागेवरची उन्हाळी टेबलं १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर, आणि रात्री १० ला बंद. दहा म्हणजे दहा. वरच्या मजल्यावरच्या आजींना किती वाजता शांतता मिळणार ते आधीच माहीत असतं.

रस्ता मिळाला, पण कोणाला?

एक गोष्ट मला फार खटकली, ती सांगितल्याशिवाय हा भाग पूर्ण होत नाही. जून २०२० मध्ये हॉटेलांना रस्ता मिळायला एक ऑनलाइन फॉर्म पुरला. त्याच शहरात हातगाडीवर खाणं विकणाऱ्यांच्या परमिटची संख्या १९८० च्या दशकात साधारण ३,००० वर गोठवली गेली, आणि पुढची जवळपास चाळीस वर्षं तिला हात लागला नाही. खाण्याशिवाय इतर वस्तू विकणाऱ्यांचे परवाने तर फक्त ८५३. प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षांची, आणि काळ्या बाजारात परमिट हजारो डॉलरला भाड्यानं मिळायचं. २०२१ मध्ये कायदा बदलून दरवर्षी ४४५ नवे परवाने द्यायचं ठरलं, तेव्हा कुठं दार किलकिलं झालं.

तोच फूटपाथ, तेच जेवण. फरक इतकाच की एकाच्या पाठीमागे गाळा आहे आणि दुसऱ्याच्या पाठीमागे नाही.

आता आपल्याकडे या

आपल्याकडे चित्र बरोबर उलटं आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा फेरीवाल्यांसाठी, पथारीवाल्यांसाठी आहे. सर्वेक्षण करा, विक्री प्रमाणपत्र द्या, आणि शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच हवेत, त्यातही एक तृतीयांश महिला. कागदावर हा कायदा न्यूयॉर्कच्या पुढे आहे. अंमलबजावणीबद्दल तुम्हीच तुमच्या चौकात बघून ठरवा.

अण्णाच्या हॉटेलसाठी मात्र असा स्वतंत्र रस्ता-परवाना नाही. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याचं कलम ३१४ आयुक्तांना रस्त्यावर मांडलेल्या वस्तू नोटीस न देता उचलायचा अधिकार देतं. म्हणजे पर्याय दोनच: टेबलं नाहीत, किंवा गाडी येईपर्यंत आहेत. आणि जिथं नियमात "हो" म्हणायची जागाच नाही, तिथं "हो" दुसरीकडे कुठंतरी म्हटलं जातं. कुठं, ते सांगायला नको.

मग उद्या आपणही परवाने सुरू करायचे का? माझं मत: आधी टेप घेऊन फूटपाथ मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसचा निकष सांगतो की चालायला किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, मोकळी वाट हवी. न्यूयॉर्कची मागणी आठ फुटांची. तुमच्या हॉटेलसमोर झाड, डीपी बॉक्स, पार्क केलेली ॲक्टिव्हा, हे सगळं वगळून सहा फूट उरतात का? उरत असतील, तर त्यापुढच्या जागेवर टेबल ठेवायला फी घेऊन, वेळ ठरवून, पावती देऊन परवानगी द्यायला काय हरकत आहे? नसतील उरत, तर अण्णाचा वडा-सांबार कितीही भारी असो, आजोबांना त्याच्यासाठी बसच्या पुढ्यातून चालायला लावणं बरोबर नाही.

आणि परवाना दिलाच, तर तो दारावर लावलेला असावा. किती फूट, किती वाजेपर्यंत, तक्रार कुठं करायची. शक्यतो क्यूआर कोडसकट. मग रस्त्यावर टेबल दिसलं की कोणालाही तीन गोष्टी तपासता येतील: वाट किती उरली, टेबल किती वाजता उचलणार, आणि जागेचे पैसे शहराच्या तिजोरीत गेले का.

तुमच्या भागात फूटपाथची मोकळी वाट किती भरते ते मोजून आम्हाला व्हॉइस मेसेज करा, गावाचं आणि रस्त्याचं नाव सांगायला विसरू नका. पुढच्या भागात रस्ता खोदायची परवानगी: एकच रस्ता वर्षात तीनदा का खोदला जातो. तोपर्यंत, चालताना मोबाइल खिशात ठेवा. फूटपाथवर टेबल नसलं तरी खड्डा असतोच.